कळांच्या वेळी आत कोणाला न्यावं? आई, वहिनी की नवरा?

खानापूरची_लेक:
आठवा सरत आला. पहिलटकरीण, म्हणून माहेरी आलेय. सरकारी दवाखान्यात नाव घातलंय, तिथल्या सिस्टर म्हणाल्या, एक बाई आत चालेल. आई म्हणते मीच येणार. पण तिला बीपी आहे, आणि मला साधं इंजेक्शन टोचलं तरी तिचेच डोळे भरतात. वहिनीला दोन मुलं आहेत, आमची गट्टीही आहे, पण तिला नेलं तर आई रुसेल. नवऱ्यालाही यायचंय. त्यात तिथल्या सिस्टर बोलणार कन्नड, आणि माझं कन्नड 'ऊटा आतेन्री'च्या, म्हणजे 'जेवण झालं का'च्या पुढं जात नाही. आत कोणी असल्यानं खरंच फरक पडतो का?

येळ्ळूरची_अक्का:
वहिनीला ने. मी नणंदेसोबत रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत आत होतो. (आमच्याकडं बायकाही 'गेलो, आलो' म्हणतात, पुणेकरांनी हसू नये.) काम काय केलं म्हणशील, तर कंबर धरली. माकडहाडाच्या जरा वर तळहात रेटून ठेवायचा, कळ ओसरेपर्यंत सोडायचा नाही. कळ आली की ती माझ्या गळ्याला लोंबायची. दुसऱ्या दिवशी माझीच मान वळेना. मधे घोटभर पाणी, थोडं चालवणं, आठवण करून लघवीला नेणं. सिस्टर 'अंजब्याड्री' म्हणाल्या की मी कानात, 'घाबरू नको म्हणतायत गं.' तिला तेवढंच पुरत होतं. सिस्टर एक आणि खाटा चार, हे सगळं त्यांनी कधी करायचं?

चुलत सासूबाईंचा बाहेरून निरोप, 'पोट वरून दाबा म्हणावं.' मी तो आत पोचवलाच नाही. तसं दाबायला जागतिक आरोग्य संघटनेनंही नको म्हटलंय.

आशाताई_चिकोडी:
सरकारी दवाखान्यात सोबतीण घ्यायला केंद्र सरकारनं २०१६ सालीच मुभा दिलीय. नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंत झालेली. तिला सर्दी-खोकला किंवा खरूज नको, कपडे धुतलेले हवेत. मधेच उठून जायचं नाही, शेजारच्या खाटेकडं डोकावायचं नाही. पडदे, आडोसा नीट असेल तिथं नवऱ्यालाही घेता येतं, आधी विचारून ठेव. फरक पडतो का म्हणशील, तर पडतो. सतत कोणी जवळ असलेल्या बायकांत सिझेरियन कमी होतात आणि कळांचा वेळही थोडा घटतो, असं अभ्यासांत दिसलंय. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्या लिहिलेलं सरकारी कार्ड, वहिनीच्या पिशवीत ठेव, आईच्या नको, गडबडीत सापडणार नाही. आणि बाळ झाल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं, कोणी मध चाटवायला आलं तर वहिनीनं अडवायचं.

खानापूरची_लेक:
वहिनीचं ठरलं. नवरा गाडी आणि कागद बघणार. आईला सांगितलं, बाहेर आणल्यावर बाळ पहिलं तुझ्याच हातात. खूश झाली. मग मधाचं सांगितलं, तर आता परत बोलत नाहीये.