सीडीए फायली आणि गाणी रिप करणं

सीडीतल्या फायली थेट कॉपी केल्या, पण प्लेअरवर एकही वाजत नाही, असा प्रश्न होता. विंडोजमध्ये दिसणारी सीडीए फाइल जेमतेम ४४ बाइटची असते. तिच्यात गाणं नसतंच, ट्रॅक कुठून कुठपर्यंत आहे एवढी नोंद असते. त्यामुळे कॉपी नाही, सीडी रिप करावी लागते, म्हणजे सॉफ्टवेअरने ट्रॅक वाचून त्यांच्या वाजणाऱ्या फायली बनवाव्या लागतात.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. सिक्युअर मोड (ट्रॅक पुन्हा पुन्हा वाचून तपासणारा) ठेवा आणि अ‍ॅक्युरेटरिप चालू करा. त्याने तुमची प्रत इतरांच्या रिपशी ताडून चूक लगेच कळते. एखादा ट्रॅक अडला तर सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल अजिबात नको. मग ड्राइव्हचा वेग कमी करून पुन्हा घ्या.

प्लेअर फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळता लहान केलेली फाइल) वाजवत असेल तर फ्लॅकच घ्या. तासाभराची सीडी साधारण ३००-४०० एमबी होते. ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये सुमारे १४५. शास्त्रीय गायनाच्या सीडीला तर फ्लॅकच घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे: विलंबित आणि द्रुत बऱ्याचदा वेगळ्या ट्रॅकवर असतात, आणि एमपी३ च्या सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता भरली जाते. नेमका समेवर येताना तानपुरा तुटतो, फार खटकतं.

नावं देवनागरीत हवी असतील तर एमपी३ ला आयडी३ २.३ टॅग (फायलीतच साठवलेली गाण्याची माहिती) द्या, यूटीएफ-१६ या देवनागरी चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत. नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. फायलींच्या नावाआधी ०१, ०२ लावा, काही प्लेअर टॅगमधला क्रमांक बघतच नाहीत.