लेकीला दिवाळीपुरतं मॉलमध्ये काम, पाठवावं का?

बी-३०२ (काकू): नमस्कार मंडळी. सोसायटीचा विषय नाही, सेक्रेटरी भाऊ रागवू नका. आमची लेक बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. मॉलमध्ये पार्ट टाइम करते म्हणायलीय. शनिवार-रविवार आन् दिवाळीच्या आधीचे दहा दिवस. चिकलठाण्याला प्रोझोनमध्ये दोन ठिकाणी बोलावलंय, एक कपड्याचं दुकान, एक फूड कोर्टात. हिच्या बाबांचं तोंड कालपासून फुगलेलंय. कुणाच्या लेकरांनी केलंय का असं काम?

ए-१०४: पाठवा की वहिनी. दिवसभर रील बघत बसण्यापेक्षा बरं.

सी-२०३: कपडे दाखवायला बी.कॉम. कशाला लागतं? त्यापेक्षा टॅलीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचा, क्लास लावा.

ए-४०१: नळ आला का कुणाला? आज आपला दिवस होता ना?

सेक्रेटरी: नाही आला. उद्यावर गेला. टँकर सांगितलाय, साडेचारला येईल. खालची मोटर कुणी चालू करू नका.

बी-३०२ (काकू): टॅलीसाठीच करायचंय तिला काका. क्लासची फी स्वतः भरते म्हणते.

सी-२०३: मग आपलं काही म्हणणं नाही.

बी-३०२ (बाबा): माझं तोंड वगैरे फुगलेलं नाही. मी एवढंच विचारलं की रात्री आणायला कोण जाणार. त्यावर घरात कुणी बोलंना.

डी-५०२ (ताई): काकू, मी पुण्यात शिकताना दोन वर्षं केलंय हे, कपड्याच्या दुकानात. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

डी-५०२ (ताई): काकांनी मुद्द्याचं विचारलंय. पगार मागून विचारायचा. आधी विचारायचं की शटर कधी पडतं आणि मी दाराबाहेर कधी पडते. या दोन वेळा एक नसतात. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की ट्रायल रूममधला ढीग बाहेर काढायचा, टेबलावरचे सगळे शर्ट पुन्हा घडी करायचे, मग कॅश जुळवायची. पन्नास रुपये कमी भरले तरी सगळे थांबतात. त्यानंतर स्टाफच्या दारावर बॅग तपासायची रांग. मला सांगताना दहा सांगितले होते, हॉस्टेलवर पोचायला पावणेबारा व्हायचे. रेक्टरबाईंनी एकदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा घरी फोन केला.

बी-३०२ (बाबा): हेच म्हणत होतो मी.

ए-१०४: चिकलठाणा एमआयडीसीतून बीड बायपास म्हणजे रात्रीची रिक्षा आलीच. शहर बसची शेवटची फेरी कधी सुटते तेही बघून ठेवा. रोज किती देणारेत?

बी-३०२ (काकू): साडेचारशे.

ए-१०४: महिन्याचे आठ शनिवार-रविवार धरा. ३,६०० झाले. यायची रिक्षा दीडशे धरली तर १,२०० तिथंच गेले. राहिले २,४००. त्यात जायचं भाडं आणि डबा नेला नाही तर जेवण. मी पाठवा म्हणलं होतं खरं, पण हिशोब करा.

सी-१०१ (काका): मी कामगार खात्यातून निवृत्त झालो म्हणून सांगतो. आपल्या राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती दिली तरी तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकानं करायची असते. तेव्हा गाडी सोडणार का, हे बिनधास्त विचारा. उपकार मागत नाही आपण.

ए-४०१: काका, दिवाळीच्या गर्दीत कोण गाडी सोडतंय?

सी-१०१ (काका): नसेल सोडत तर संमती द्यायची नाही. आणि जादा तास थांबवलं तर त्याचा दर दुप्पट. दुसरं, पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ०.७५ टक्के कापले तर विमा नंबर मागून घ्यायचा. मालकाचा वाटा वेगळा, पगाराच्या ३.२५ टक्के असतो. लोक कपात बघून चिडतात आन् नंबर मागायचा विसरतात.

डी-३०३: मला पण पार्ट टाइमचा मेसेज आलाय टेलिग्रामवर. घरबसल्या मॉलच्या वस्तूंना रेटिंग द्यायचं, आधी ९९९ भरून रजिस्ट्रेशन. करू का?

सेक्रेटरी: अजिबात नाही. काम देणारा आधी पैसे मागत नसतो. भरले असतील तर आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावा, मग ग्रुपवर या.

डी-३०३: नाही भरले. सहज विचारलं.

डी-५०२ (ताई): पैशावरून आठवलं. माझा पहिला पगार हातात आला तेव्हा ओळखपत्र, दोन टी-शर्ट आणि एक टॉप, एवढ्याचे पैसे कापलेले. टॉप मी नेला नव्हता. ट्रायल रूमच्या दारात नंबरचे बिल्ले असतात, चार कपडे आत नेले तर चारचा बिल्ला द्यायचा, बाहेर येताना मोजून घ्यायचे. रविवारची संध्याकाळ, सहा जणी एकदम आल्या. एक म्हणतेय ‘हा एलमध्ये आहे का’, दुसरीचं लेकरू हँगर ओढायलंय. तेवढ्यात कुणीतरी बिल्ला स्टुलावर ठेवून निघून गेली. कपडे मोजले तर तीन. चौथा माझ्या नावावर. तेव्हा हरवलेल्या मालाचे पैसे कोण भरतं हे लेखी विचारायला सांगा तिला. आणि पगार दुकान देणार की एजन्सी, तेही. एजन्सीचा माणूस नंतर फोन उचलत नाही.

बी-३०२ (काकू): बाई गं. मग फूड कोर्ट बरं का?

डी-५०२ (ताई): तिथं टार्गेट नसतं आणि बहुतेक जेवण मिळतं. पण तळणाचा वास केसातून दोन दिवस जात नाही, फरशी निसरडी. माझ्या मैत्रिणीचा हात भाजला होता. कपड्यात टार्गेट असतं, पण बोलायला शिकतो आपण. मी तर कपडेच म्हणेन, फक्त सकाळची शिफ्ट मिळाली तर. आणि पायांचं बघा. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की रात्री पाय भिंतीला वर लावून झोपायचे. काळे बूट सांगतात, ते एक नंबर मोठे घ्यायचे. दुपारनंतर पाय सुजतात.

बी-१०१ (आजोबा): आमच्या वेळी गुलमंडीवर साडीच्या दुकानात विकणारा गादीवर बसायचा, गिऱ्हाईकही बसायचं. बसल्याबसल्या पन्नास साड्या उलगडायचा. अजून आहेत तशी दुकानं. उभं राहून कापड विकायचं हे नवीनच खूळ.

सी-१०१ (काका): खरंय. केरळमध्ये कापड दुकानातल्या बायका यावर भांडल्या, म्हणून २०१८ मध्ये तिथं बसायचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूत २०२१ ला.

बी-१०१ (आजोबा): मग लेकीला गुलमंडीवरच बघा की एखादं दुकान. माझी ओळख आहे.

बी-३०२ (काकू): आजोबा, तिला एसी पाहिजे. तेही एक कारण आहे, खोटं कशाला बोलू.

ए-४०१: टँकर आलाय. दीड तास उशीर. पाइप धरायला कुणीतरी खाली या.

सेक्रेटरी: आलो. विद्यार्थ्यांच्या परीक्षेचंही बघा वहिनी. दिवाळी झाली की लगेच पेपर असतात. सुट्टी मागितली तर देतील का, आधीच विचारून ठेवा.

बी-३०२: मी लेक बोलतेय, आईच्या फोनवरून. सगळं वाचलं. आत्ता दोन्हीकडं फोन केला. फूड कोर्टवाले म्हणाले, क्लोजिंगच करावं लागेल, म्हणजे बंद होईपर्यंत थांबायचं, गाडीचं काही सांगता येत नाही. त्यांना नाही म्हणलं. कपड्याच्या दुकानात अकरा ते आठ मिळतेय. शेवटच्या चार दिवसांत रात्री थांबावं लागेल म्हणाले. मी म्हणलं, साडेनऊच्या पुढं नाही थांबणार. मॅडम थोडा वेळ गप्प होत्या, मग बरं म्हणाल्या. पेपरच्या आठवड्यात सुट्टी देणारेत. पगार दुकानाकडूनच आहे. हरवलेल्या मालाचं विचारल्यावर मात्र ‘आल्यावर बोलू’ म्हणाल्या.

सी-१०१ (काका): ते आल्यावर नाही, सही करायच्या आधी बोलायचं.

बी-३०२: हो काका. उद्या बाबा येणारेत सोबत.

बी-३०२ (बाबा): मी फक्त रस्ता बघायला चाललोय. संग्रामनगर पुलावरून बरं पडतं का केंब्रिज चौकाकडून?

ए-१०४: सकाळी पूल. रात्री केंब्रिज.

बी-३०२: अजून एक. कुणाकडे काळे बूट आहेत का, साधे, बंद? माझा नंबर पाच. सहा पण चालतील.

डी-५०२ (ताई): माझे आहेत, सहाच नंबर. डावा जरा आतून घासलाय, सॉक्स जाड घाल. टँकर झाला की वर ये.