सिंगापूर, तीन रात्री, पहिल्यांदाच – मदत हवी आहे (जरा लवकर)

धावपळे:
नमस्कार मंडळी. सिंगापूरला तीन रात्री राहतोय, पहिलीच वेळ. तिकिटं काढून झालीत. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय, जो तो मर्लायनसमोर (तो सिंहाच्या तोंडाचा, माशाच्या धडाचा पुतळा) तोंड उघडून उभा. काय बघायचं, कुठे राहायचं आणि व्हिसाचं काय, एवढंच सांगा. एजंट माणशी अव्वाच्या सव्वा मागतोय. 'आधी शोधा' असं कृपया लिहू नका, शोधून झालंय.

मिनू:
कधी जाताय? किती जण? सोबत मुलं, वयस्कर कुणी? शाकाहारी का? काहीच लिहिलेलं नाही, सांगायचं काय डोंबल?

सह्यभटक्या:
तीन रात्री नुसत्या सिंगापुरात? दीड दिवसात संपतं ते. मी असतो तर एक रात्र तिथे आणि दोन मलेशियातल्या मलाक्कात. बसने जाता येतं, आणि जुनं गाव आहे, नुसता काच-सिमेंटचा शो नाही.

सिंगापुरी_सदू:
दीड दिवसात संपलं म्हणणारे मॉलच्या बाहेर पडले होते का, हा प्रश्न आहे. साउथ ब्रिज रोडवर चालून बघा. जामे मशीद, तिच्याजवळच १८२७ सालचं श्री मरिअम्मन मंदिर, आणि त्याच रस्त्याने थोडं पुढे बुद्धाचा दात ठेवलेलं देऊळ. शहरातलं सगळ्यात जुनं हिंदू मंदिर आणि ते आहे चायनाटाउनमध्ये! सकाळी जा, दुपारी मंदिर बंद असतं.
व्हिसा: भारतीय पासपोर्टला लागतो. अर्ज अधिकृत एजंटामार्फत करता येतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, वरचं सगळं एजंटाचं. चार ठिकाणी विचारा.

टेकाडे:
त्याशिवाय एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी, लगेच बाहेर पडा. आणि हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, पुष्कळांचा गोंधळ होतो.

खवय्या:
व्हिसाबिसा ठीक आहे, पण हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजाराला, जा!! युनेस्कोच्या यादीत आहे ती खाद्यसंस्कृती, २०२० पासून. मॅक्सवेलला चिकन राइस, लाउ पा सातला रात्री साते, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं, जागा धरलेली असते. आणि खाऊन झालं की ट्रे स्वतः परत ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.

धावपळे:
खवय्या, बायको शुद्ध शाकाहारी आहे, साते काय सांगताय. मी, बायको, आई. आईचे गुडघे दुखतात. दिवाळीच्या आधी निघतोय. मलाक्का-बिलाक्का नको, मेलबर्नचं विमान पकडायचंय. बहिणीकडे दिवाळी आहे. पण व्हिसाचं नक्की काय ते कुणी सांगेल का?

सिंगापुरी_सदू:
अहो, मेलबर्न हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! तिघांकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असेलच. मग तुम्ही ट्रान्झिटमध्ये मोडता. तिसऱ्या देशात जाणाऱ्या भारतीयांना ९६ तासांपर्यंत बिनव्हिसा शहरात राहता येतं, त्यासाठी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा चालतो. मात्र सिंगापुरात उतराल त्या दिवसापासून तो किमान महिनाभर वैध हवा आणि पुढचं पक्कं तिकीट हातात हवं. अटी इमिग्रेशनच्या अधिकृत पानावर वाचा, इथल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

टेकाडे:
कागदावर छान आहे हो. पण सोडायचं की नाही हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो. शिवाय इथल्या चेक-इनवाल्यांना बरेचदा हा नियमच ठाऊक नसतो. आमच्या मेव्हण्याला काउंटरवर ताटकळत ठेवलं होतं, शेवटी वरच्या साहेबाला बोलावलं तेव्हा कुठे बोर्डिंग पास मिळाला. आई सोबत आहे तर सरळ व्हिसा काढा, झोप तरी लागेल.

सिंगापुरी_सदू:
तिघांची फी आणि वर एजंटाचा मलिदा, कशासाठी? नियमाची प्रिंट खिशात ठेवा की झालं.

टेकाडे:
प्रिंट बघून सोडणारे लोक तुम्हाला भेटले असतील. असो.

मिनू:
तुमचं चालू द्या. धावपळे, संध्याकाळी नीट वाटून घ्या. गार्डन्स बाय द बे या बागेत सुपरट्रीचा, म्हणजे झाडांसारख्या उंच मनोऱ्यांचा, लाइट शो ७:४५ आणि ८:४५ ला, फुकट. नाइट सफारी (रात्रीचं प्राणिसंग्रहालय) पार शहराबाहेर मंडाई भागात, तीही संध्याकाळीच उघडते. एका संध्याकाळी दोन्ही करायला गेलात तर आईंचे हाल. सफारीत ट्राम आहे, गुडघ्यांना बरं. दुपारी त्याच बागेतलं क्लाउड फॉरेस्ट हे काचघर बघा, तिकीट आहे पण आत गारवा असतो. ढग दुपारी भरून येतात, छत्री हातातच ठेवा.
राहायला फेरर पार्क किंवा लिटल इंडिया. खाली एमआरटी (मेट्रो) आणि कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल जवळ, म्हणजे बायकोचा डोशाचा प्रश्न मिटला. दिवाळीआधी सेरंगून रोडवर रोषणाई असते, आईंना आवडेल. रविवारी संध्याकाळी मात्र तिथे कामगारांची सुट्टी असते, पाय ठेवायला जागा नसते.

सह्यभटक्या:
गेलांगला हॉटेलं याहून स्वस्त पडतात.

मिनू:
गेलांगला स्वस्त का पडतात (रेड लाइट वस्ती ना ती) ते आईंसमोर समजावून सांगाल का? :)

अनामिका_२:
लिटल इंडियातल्या मुस्तफा मॉलमध्ये सोनं स्वस्त मिळतं का हो? नणंदेने मागवलंय.

टेकाडे:
वेगळा धागा काढा ताई.

आज्जी_ऑनलाइन:
बहिणीसाठी फराळ नेताय ना? मग वाचा. अनारसे नेऊ नका! सिंगापुरात खसखस चालत नाही, अमली पदार्थांच्या कायद्यात बसते ती. तीन रात्री मुक्काम म्हणजे बॅगा चांगी विमानतळावर तुमच्या हातात येणार आणि तुम्ही त्या घेऊन कस्टममधून जाणार. गोड्या मसाल्याच्या पुडीतही खसखस असते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. चकली, शेव ठीक. ऑस्ट्रेलियात तर खाण्याचं सगळंच जाहीर करावं लागतं.

खवय्या:
अनारशांवर बंदी!! आज्जी, हे वाचून भूकच मेली.

धावपळे:
आईने अनारशाचं पीठ भिजवलंय ऑलरेडी. तिला कोण सांगणार?

आज्जी_ऑनलाइन:
खसखस न लावता साखरेवर थापायला सांगा. जाळी पडते.

सह्यभटक्या:
परतीला चांगीला लवकर पोचा, तिथल्या ज्युएल मॉलमध्ये ४० मीटरचा धबधबा आहे. सिमेंटचा शो म्हणालो, पण तो बघण्यासारखा आहे.

धावपळे:
बरं, मग व्हिसा काढू की नको? कुणीतरी एक काय ते सांगा.

सिंगापुरी_सदू:
तिघांचे ऑस्ट्रेलियाचे व्हिसे कोणत्या तारखेपर्यंत आहेत ते अजून लिहिलेलं नाही तुम्ही. आणि मेलबर्नचं विमान उतरल्यापासून किती तासांनी?