मदत हवी आहे: लिनक्सवर ऑडिओ सीडी उतरवताना शेवटची गाणी अडकतात

मंडळी, नमस्कार. मुक्काम सोलापूर. गल्लीतल्या भजनी मंडळाच्या जुन्या सीड्या लॅपटॉपवर उतरवून घेतोय. लिनक्स मिंट, असंडर (सीडीवरची गाणी फाइलमध्ये उतरवणारा प्रोग्राम), फ्लॅक फॉरमॅट (आवाजाचा दर्जा न घटवणारा). ड्राइव्ह यूएसबीचा, बाहेरून लावलेला.

सुरुवातीचे अभंग सुरळीत येतात. शेवटाकडे ड्राइव्ह घरघरतो, टक्केवारी जागची हलत नाही. एखादा आलाच तर पखवाजावर कटकट ऐकू येते. तीच सीडी जुन्या प्लेअरवर बऱ्यापैकी वाजते! डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या अंतर्गत नोंदींत) ‘बफर आय-ओ एरर, लॉजिकल ब्लॉक ०’ दिसतं. ड्राइव्ह गेला का?

शिवाय हरिपाठाच्या सीडीला नावं आली ती कुठल्याशा जर्मन गाण्यांची. आई विचारते, हे कुठले महाराज?

प्रतिसाद: ड्राइव्ह घेऊ नका एवढ्यात. ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची रचना) नसते. डेस्कटॉप ती शोधायला जातो आणि ब्लॉक ०ची तक्रार करतो, तिकडे लक्ष देऊ नका. सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे शेवटची गाणी कडेला, आणि बोटं, ओरखडे तिथंच जास्त. असंडर आत सीडीपॅरानोइया हा सीडी वाचणारा प्रोग्राम वापरतं. ते शंका आली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचत बसतं. प्लेअर चुकलेला भाग अंदाजाने भरून पुढे जातो, म्हणून ‘बऱ्यापैकी’.

मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. ड्राइव्ह यूएसबी हबवर असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावा. मग टर्मिनलवर सीडीपॅरानोइया थेट चालवून, वेग ४ पट ठेवून अडलेलं एकच गाणं घ्या.

नावं सीडीवर बहुधा नसतातच. गाण्यांची संख्या आणि लांबी यांवरून ८ अक्षरी क्रमांक बनतो, त्यावरून असंडर इंटरनेटवर नावं शोधतं, आणि तो भलत्याच सीडीशी जुळू शकतो. सेटिंगमध्ये आपोआप माहिती आणणं बंद करा, नावं हाताने भरा.

सीड्या छापील आहेत की रायटरवर केलेल्या?

धागाकर्ता: रायटरवर केलेल्या. इतकी वर्षं पत्र्याच्या खोलीत, आणि इथला उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे.

प्रतिसाद: मग घाई करा. उन्हाने त्यांतला रंगाचा थर खराब होतो, पुसून परत येत नाही. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं कधीकधी.

धागाकर्ता: पुसून आणि वेग कमी करून बाकी सगळं आलं! फक्त पसायदान अडतंय. जुळे सोलापूरकडे कुणाच्या डेस्कटॉपला जुना डीव्हीडी रायटर असेल तर इथं कळवा, सीडी घेऊन येतो.