अचानक समोर आलेल्या गव्याचे छायाचित्र कसे घ्यावे?

प्रश्न
राधानगरीहून दाजीपूरकडे जाताना तिन्हीसांजेला वळणावर एक मोठा नर गवा रस्त्याच्या कडेला आडवा उभा असलेला दिसला. गुडघ्यापर्यंतचे पांढरे पाय आणि खांद्यावरचा उंचवटा गाडीतूनही स्पष्ट दिसत होता. खाली उतरून जवळ जावे की नाही, यावरून आमच्यात दुमत झाले आणि तेवढ्यात तो झाडीत शिरला. अशा वेळी मोबाइलवर नीट छायाचित्र कसे घ्यावे? आणि ते ठिकाणाच्या नावासह समाजमाध्यमांवर टाकावे का?

उत्तर १
गाडीतून अजिबात उतरू नये. गवा अंग आडवे करून उभा राहतो, तेव्हा बहुतेक वेळा तो आपला आकार दाखवून समोरच्याला दूर राहायला बजावत असतो, आणि आपल्याला मात्र तो छायाचित्रासाठी थांबल्यासारखा वाटतो. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जाऊ शकतो. तो फुसफुसू लागला किंवा डोके खाली घालून वळला, तर छायाचित्राचा नाद सोडून गाडी सावकाश मागे घ्यावी. इंजिन चालूच ठेवावे, हॉर्न वाजवू नये, दिवे डीपरवर ठेवावेत आणि फ्लॅश बंद असावा.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र इंजिन चालू असताना फोन दारावर टेकवला, तर गाडीची थरथर छायाचित्रात उतरते, म्हणून कोपरे स्वतःच्या छातीशी घट्ट धरून फोन पेलावा. गव्याचे अंग जवळजवळ काळे असल्यामुळे कॅमेरा सगळे दृश्य उगाच उजळ करतो आणि पांढऱ्या पायांचा तपशील उडून जातो. त्यासाठी पडद्यावर गव्याला स्पर्श करून फोकस साधावा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी. डिजिटल झूमने केवळ चित्र ताणले जाते. त्यापेक्षा भोवतालच्या झाडीसह टिपावे.

उत्तर ३
दाजीपुरात गवे आहेत हे सर्वांनाच ठाऊक आहे, त्यामुळे अभयारण्याचे नाव लिहिण्यात फारसे बिघडत नाही. गवा गावालगतच्या उसात दिसला असेल, तर मात्र ठिकाण मुळीच टाकू नये, कारण तासाभरात तिथे गर्दी होते. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा अशाच गर्दीत सैरावैरा धावला आणि पकडल्यानंतर दगावला. ते आठवले की आजही जीव तुटतो. फोनच्या कॅमेऱ्यातील लोकेशनची नोंदही बंद ठेवावी. वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवताना मात्र नेमके ठिकाण, वेळ आणि सोबत कळप असल्यास त्यातील संख्या आवर्जून सांगावी.