पाळणाघर सुरू झाल्यापासून घरात कोणी ना कोणी आजारीच

नमस्कार मंडळी,

आम्ही डब्लिनहून जळगावला परत आलो तरी तिथल्या मराठी मंडळींच्या मेल-लिस्टवर अजून आहोत म्हणून इथंच विचारते. छकुली दीड वर्षाची आहे, जूनमध्ये पाळणाघरात घातली आणि तेव्हापासून घरात कोणी खोकत नाही असा एक दिवस गेला नाही. आधी तिला सर्दी, मग मला, मग ह्यांना, शेवटी सासूबाईंना, आणि त्या बऱ्या होईपर्यंत छकुली नवीन काहीतरी घेऊन येते. मध्ये हँड फूट माउथ झालं, तोंडात फोड, चार दिवस पोरगी थंड दूध आणि कुस्करलेलं केळं एवढ्यावरच होती. श्रावणात गावी कानबाईचे रोट होते, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण, सगळे भाऊबंद जमले आणि आम्ही चौघं इथं तापात. सासूबाई रडल्याच. म्हणाल्या, "पोरले तठे कसाले धाडस?" म्हणजे पोरीला तिथं कशाला पाठवतेस? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एमआयडीसीत नोकरी आहे, रजा संपत आल्यात. एका दवाखान्यात न विचारताच अँटिबायोटिक दिलं, दुसरीकडे व्हायरल आहे म्हणाले. पोरीची इम्युनिटीच कमी आहे का? पाळणाघर बंद करू का? तुम्ही लोकांनी हे कसं निभावलं?

छकुलीची आई, जळगाव

---

ताई,

मी मूळची भुसावळची, इथं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. माझी दोन्ही पोरं दहाव्या महिन्यात डेकेअरला गेली, तुमचा मेल वाचून ते पहिलं वर्ष आठवलं.

बंद करू नका. पहिल्या वर्षी 8 ते 10, कधी 12 वेळा सुद्धा सर्दी-ताप येतो आणि एकेक खोकला दोन-तीन आठवडे चालतो, म्हणजे पोर सारखीच आजारी वाटणार. इम्युनिटीचा खरा प्रॉब्लेम असलेल्या मुलांना परत परत न्यूमोनिया होतो, वजन वाढत नाही. छकुलीचं वजन वाढतंय, ताप उतरला की खेळतेय, तर पोरगी ठीक आहे. व्हायरलला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, का देताय हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

ताप असेल तेव्हा ती झोपल्यावर झबलं वर करून पोटाकडे बघा आणि मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजा. तिच्या वयाला 40 किंवा जास्त, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, आठ तास शू नाही, किंवा निपचित पडलीय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोला 15 मिलिग्रॅम, आणि बाटलीवर 5 मिलीत 120 लिहिलंय का 250 ते दर वेळी वाचा, कारण घाईत आजी एका बाटलीचं माप दुसरीला वापरतात, हे मी वॉर्डात पाहिलंय.

आणि तिची उष्टी खिचडी तुम्ही संपवू नका. आपल्याला अन्न टाकवत नाही पण मी तशीच पाच वेळा आजारी पडले. उलट्या-जुलाब असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नका, साबणानेच हात धुवा. फ्लूची लस सगळ्यांनी घ्या, सासूबाईंनी आधी, छकुलीला पहिल्यांदाच असेल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात.

पोर तापल्यावर रजेवरून भांडत बसू नका, आधीच ठरवा की पुढच्या तापाला घरी कोण. आमच्याकडे सगळ्या रजा माझ्याच गेल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमची भुसावळची ताई

---

ताई, खूप खूप आभार. काल रात्री मोजले, 28 आले, मग मी पण झोपले. सासूबाईंना मेल वाचून दाखवला, त्यांनी दोन्ही बाटल्या आणून चष्मा लावून बघितल्या, एक 120 ची आणि एक 250 ची निघाली, 250 वाली आता वरच्या फळीवर आहे. पुढच्या तापाची रजा ह्यांची, कॅलेंडरवर त्यांनीच लिहिलंय.