मक्तेदारीवरच्या 'रेमेडी'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीहून: सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मक्तेदारीवरचा मजकूर मराठीत करतोय. 'अँटीट्रस्ट'चं यंत्राने 'विश्वासविरोधी' केलं होतं, ते खोडून 'स्पर्धा कायदा' लिहिलं. अडलोय 'रेमेडी'वर, म्हणजे मक्तेदारीला आवर घालायला कोर्ट किंवा आयोग जो आदेश देतो त्यावर. 'उपाय' म्हटलं की सर्दीवरचा काढा आठवतो. 'शिक्षा' चालेल?

नौपाड्यातून: शिक्षा नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, ती शिक्षा. आपल्या अ‍ॅप्सचा संचच्या संच आधीपासून भरण्याची सक्ती मोबाइल कंपन्यांवर करू नका असंही बजावलं, ती रेमेडी. एक झाल्या गोष्टीबद्दल, दुसरी पुढच्यासाठी.

घणसोलीहून: मग 'उतारा'? विषावर असतो तसा.

नौपाड्यातून: शब्द छान आहे, पण आमच्या ठाण्यात उतारा म्हटलं की माणूस सातबारा काढायला तलाठ्याकडे निघतो!

मला वाटतं, एकच शब्द शोधायचा हट्ट सोडावा. या रेमेडीच्या दोन जाती आहेत. पहिली वाटणीची. जून २००० मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टच्या दोन चुली मांडायला सांगितल्या होत्या: विंडोज एका कंपनीकडे, ऑफिस वगैरे दुसरीकडे. वरच्या कोर्टाने २००१ मध्ये ते रद्द केलं. दुसरी जात वेसणीची: घर एकच ठेवा, पण असं वागायचं नाही. वेसण सैल बसली की काय होतं तेही मायक्रोसॉफ्टनेच दाखवलं. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मीडिया प्लेयर वगळून विंडोज विकायला लावलं. कंपनीने तशी आवृत्ती काढली आणि भाव तोच ठेवला! कोण घेणार?

आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातही दोन्ही आहेत. कलम २७ मध्ये दंड आणि वेसण, कलम २८ मध्ये उपक्रमाचं विभाजन.

घणसोलीहून: मला मुळात 'मक्तेदारी'च खटकते. मक्ता सरकार देतं, पैसे घेऊन, मुदतीने. जकात नाक्याचा असायचा तसा. सर्च इंजिनाचा मक्ता कोणी दिला?

नौपाड्यातून: मुद्दा बरोबर आहे, पण शब्द रुळलाय. 'एकाधिकार' हिंदीतून येऊ पाहतोय, त्यापेक्षा हा बरा.

ऐरोलीहून: वाटणी आणि वेसण घेतले. पण सप्टेंबर २०२५ चा अमेरिकेतला गूगल सर्चचा निकाल कुठे बसवू? न्यायाधीश मेहता यांनी गूगलला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही, मात्र शोधाचा काही डेटा पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितला. ही वाटणी नाही, आणि नुसती वेसणही नाही.

घणसोलीहून: गावाकडे विहीर वाटता येत नाही तेव्हा काय करतात? पाळी लावून देतात. ज्याच्या त्याच्या दिवशी ज्याचं त्याचं पाणी.

ऐरोलीहून: 'पाण्याची पाळी'! लिहितो. संपादकबाई पश्चिम महाराष्ट्रातल्या आहेत, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.